पांढऱ्या दोऱ्याची गाठ

त्या सकाळी थोंगयोंगच्या खाडीवर धुकं असं उतरत होतं की होड्या पाण्यावर आहेत की ढगात, तेच कळेना. मी दूरसंचार केंद्राच्या फाटकावर राखणदार. माझी बायको मालजा समोरच्या मोरेदो बेटावर राहते. पहाटे तिच्या छातीत कळ आली म्हणून शेजारणींनी तिला बेटावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरने छातीचा फोटो काढला, शहरातल्या मोठ्या इस्पितळाला पाठवला, आणि तो पोचेचना. फोटो बघून मोठे डॉक्टर सांगणार, तिला आणायचं की तिथेच औषध द्यायचं. विनाकारण हलवणंही धोक्याचं होतं. बेटाच्या धक्क्यावर बोट इंजिन चालू ठेवून उभी होती. धुकं भरलं की ती सुटणार नव्हती.

मी आत हेरिनकडे गेलो. बेटांच्या सगळ्या तारा ही मुलगी सांभाळते.

"आजोबा, बसा. सांडाल तो चहा."

"फोटो कुठे बुडाला गं?"

"तेच शोधतेय. साधी हाक मारली तर बेटावरून उत्तर येतंय. वाट धडधाकट आहे. पण इस्पितळाचं काही जात नाही, मासळीबाजाराचंही नाही. तो लिलाववाला तर फोनवर माझ्या सात पिढ्या उद्धरतोय."

"वाट धड आहे, मग माल का जात नाही?"

पडद्यावरची नजर न हलवता तिने सांगितलं. इस्पितळ, बाजार, बँक, सगळ्यांचा माल एकाच तारेतून जातो. आत शिरताना पहिलं यंत्र त्यावर दोन चिठ्ठ्या लावतं. आतली सांगते माल कोणाचा, म्हणजे इस्पितळाचं बाजारात मिसळत नाही. बाहेरची फक्त वाटेपुरती. मधलं यंत्र पत्ता वाचतच नाही. बाहेरची चिठ्ठी बघतं, ती काढून आपली लावतं, पुढे ढकलतं. आतलीला हात लावत नाही.

"अगं, हे तर आमचे दोरे!" मी म्हणालो.

मी साठीला अक्षरं शिकलो. त्याआधी उभी हयात बेटांच्या बोटीवर गाठोडी चढवली. आम्हा खलाशांना पत्ता वाचता यायचा नाही. लाल दोरा दिसला की गाठोडं तिसऱ्या धक्क्यावर उतरवायचं. तिथला माणूस लाल सोडून निळा बांधायचा, पुढच्याला निळा कळायचा. मालजा माझ्यासाठी सुकी मासळी पाठवायची, तेव्हा आत पांढऱ्या दोऱ्याची तिची गाठ असायची. ती कोणी सोडत नसे.

खिडकीबाहेर खाडी नाहीशी होत चालली होती. मला वाटलं, त्या पांढऱ्यात मालजाच्या फासळ्या तरंगतायत, माशाच्या काट्यासारख्या नाजूक. त्यांना लाल दोरा बांधलाय, आणि त्या एकेक धक्का शोधत येतायत. पाण्याखाली कोणीतरी हात पुढे करतंय, दोरा सोडतंय, आणि नवा बांधायचं विसरतंय. तिथून पुढे नुसतं पाणी.

"आई गं!" हेरिन ओरडली आणि मी भानावर आलो.

"काय झालं?"

"सकाळी समुद्राखालची नवी तार जोडली. जवळची म्हणून सगळा माल आपोआप तिकडे वळला. पण कुठली चिठ्ठी लावायची हे दोन्ही टोकांची यंत्रं ज्या बोलीत आपसात ठरवतात, ती त्या तारेवर चालूच केली नाही! अलीकडचं यंत्र बाहेरची चिठ्ठी काढतं, आणि पलीकडून नवी ठरलेलीच नाही म्हणून माल तसाच पुढे सोडतं. पलीकडच्याला नुसती आतली चिठ्ठी दिसते. ती त्याच्या ओळखीची नाही, मग तो फेकून देतो."

"आणि तुझी साधी हाक?"

"तिला चिठ्ठीच लागत नाही, आजोबा. ती पत्त्यावरच जाते. मी वेडी तेवढी एक हाक मारून सकाळी खूश झाले."

"चूक कोणाची?"

"माझीच! आता गप्प बसा, नाहीतर दुसरी करेन."

तिने दोन्ही टोकांना काहीतरी लिहिलं. मग आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. खोलीत फक्त यंत्रांची घरघर होती, दूरच्या लाटांसारखी. फोन वाजला. बेटावरचा डॉक्टर होता.

"पोचला! इस्पितळ म्हणतंय, लगेच आणा. बोट सुटतेय."

मी अलीकडच्या धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. बराच वेळ समोर काहीच नव्हतं. मग पांढऱ्यात एक पुसट दिवा उमटला, त्याच्यामागून बोटीचं नाक, आणि स्ट्रेचरवर मालजा. रुग्णवाहिकेच्या माणसाने तिच्या मनगटावरची दवाखान्याची पट्टी कापली आणि इस्पितळाची बांधली.

"मला काय गाठोडं समजलात काय रे?" ती क्षीण आवाजात गुरगुरली.

"बोलू नकोस," मी म्हटलं.

"तू नको सांगूस. हे धर आधी." चादरीखालून तिने एक पुडकं काढलं. सुकी मासळी. "दमट झालीय. ऊन आलं की पसर."

गाडीत तिचा हात हातात धरून बसलो होतो. पुडक्यावर पांढऱ्या दोऱ्याची तिची गाठ होती. सोडवायला धीर झाला नाही. ती म्हणाली, "आत काय आहे ते माहीत आहे तुला. बघत काय बसलास?"