हिरवळीवर अंथरलेली ताडपत्री

मी निळी ताडपत्री बोलतेय. पावसात टेंपोवर बांधतात, भात वाळवायला अंथरतात, तीच. माझ्यासारखीला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे बोलायला थोडा संकोच वाटतो. पण मला कोणाची तक्रार करायची नाही. मला आभार मानायचे आहेत, आणि तेही खोपोलीच्या एका बागेचे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथला गरम वास आणि यंत्रांचा आवाज, एवढंच आठवतं. नेरळच्या बाजारात एका दुकानाबाहेर मी घडी होऊन पडले होते. बुधाजींनी माझ्या कडा ओढून पाहिल्या, दोरी ओवायची भोकं बोटाने चाचपली आणि मला खांद्यावर टाकून पोशीर गावच्या बौद्धवाडीत घरी आणलं.

तिथे माझे दिवस कामात गेले. सुगीत खळ्यावर मला अंथरायचे आणि माझ्यावर भाताचे भारे झोडायचे. उन्हाळ्यात माझ्यावर वाल वाळायचे, पावसाळ्यात मी सरपणावर पांघरूण व्हायचे. बुधाजींची बायको चंद्रभागाबाई काम झालं की मला झटकून, पुसून, नीट घडी घालून ठेवायच्या. बुधाजी गेले, तेव्हा अंगणात सावलीला मलाच बांधलं होतं. त्या दिवशी माझ्याखाली खूप माणसं बसली होती.

त्यांचा मुलगा मिलिंद खोपोलीत नोकरीला. एकदा चंद्रभागाबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि संध्याकाळपर्यंत कोणाला कळलंच नाही. तेव्हा तो त्यांना आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत घेऊन आला. त्यांनी मलाही बरोबर घेतलं. तिथे भात कुठे वाळवणार, असं मिलिंदने विचारलं, तर म्हणाल्या, असू दे. मग मी कपाटामागे उभी राहिले.

पण चंद्रभागाबाईंचं तिथे मन लागेना. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. शेजारणी कामावर, दारं बंद. एक दिवस त्यांनी पिशवी भरली आणि मिलिंदला सांगितलं, सोमवारी मला पोशीरला सोड. आई तिथे एकटी असताना पुन्हा पडली तर काय, हे मिलिंदच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी सून मेघा म्हणाली, "आई, रविवार तरी आमच्याबरोबर काढा. सोमवारचं सोमवारी बघू."

रविवारी मेघाने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून घेतली. नात अपेक्षाने मला कपाटामागून ओढून काढलं आणि आम्ही सगळे बागेत गेलो.

बाग काही फार मोठी नाही. चार झोपाळे, एक घसरगुंडी, व्यायामाची लोखंडी यंत्रं आणि मधोमध हिरवळ. पलीकडे डोंगर, त्यावरून खाली वीजघराकडे उतरलेले पाण्याचे जाड नळ. मला हिरवळीवर अंथरलं तेव्हा मी दचकलेच. सारा जन्म खळ्याच्या टणक जमिनीवर काढलेला. माझ्याखाली मऊ काही असू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

चंद्रभागाबाई मात्र बसेनात. वाटेच्या कडेला दगड होता, त्यावर चपला न काढताच त्या टेकल्या. थोड्या वेळाने त्यांचा हात आपोआप गवतात गेला आणि त्या तण उपटू लागल्या.

मला त्याचं कारण माहीत होतं. पोशीरच्या आसपास मुंबईकरांची फार्महाऊसं आहेत. भात निघालं की चंद्रभागाबाई तिथे मजुरीला जायच्या. वाकून हिरवळीतलं तण बोटांनी काढायचं आणि दुपारी बायकांनी पंपाच्या खोलीमागे बसून भाकरी खायची. हिरवळ पाहुण्यांसाठी होती. संध्याकाळी माझ्यावर बसून वाल निवडताना त्या हे बुधाजींना सांगायच्या, रागाने नाही, सहज. पण मऊ हिरवं गवत दिसलं की त्याला कोणी मालक असतोच, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

ही नगरपालिकेची बाग आहे, सगळ्यांची आहे, असं मेघाने दोनदा सांगितलं. त्या बरं म्हणाल्या आणि दगडावरच राहिल्या. फुलझाडांत बॉल मारणाऱ्या पोरांवर वॉचमनने शिट्टी वाजवली, तर याच उठून उभ्या राहिल्या.

मग घोळ झाला. शेजारी एक कुटुंब नुसत्या गवतावर बसलं होतं. त्यांची पोरं कोलांट्या उड्या मारत होती. चंद्रभागाबाईंना राहवेना.

"उठा रं पोरांनो. गवत मोडतंय. मालक बघंल तर बोलंल."

पोरं थबकली. त्यांची आजी सोनुबाई यंत्रावर व्यायाम करत होती. अंगावर साडी, पायात नातवाचे बूट. ती तिथूनच म्हणाली, "कुठला मालक गं बाय? आमी घरपट्टी भरतो ती काय त्याच्या लग्नाला? का तूच हितली वॉचमन हायस?"

आजूबाजूचे हसले. चंद्रभागाबाईंचं तोंड एवढंसं झालं. मिलिंद उठणार होता, पण मेघाने त्याचा हात धरला.

"तसं नाय गं," चंद्रभागाबाई हळू म्हणाल्या. "आमी लोकांच्या बंगल्यावर गवत राखलं. त्यावर बसू नाय द्यायचे. म्हनून तोंडातून गेलं."

सोनुबाईचं हसू थांबलं. ती यंत्रावरून उतरली, कोणी न बोलावता माझ्या कोपऱ्यावर येऊन बसली आणि शेजारची जागा हाताने थोपटली.

"ये, बस हितं. लई राखलंस दुसऱ्याचं गवत. आता जरा मोडून बघ."

चंद्रभागाबाईंना हसू फुटलं. त्यांनी चपला काढल्या आणि त्या माझ्यावर बसल्या. भाताचे भारे झेललेली मी, मला त्यांचं वजन ते काय. पण ते मला नीट जाणवलं, अजून आठवतं. मग डबे उघडले. चटणी खारट झालीय असं म्हणत सोनुबाईने तीन भाकऱ्या संपवल्या. बाग बंद व्हायची वेळ झाली तरी दोघींचं बोलणं संपेना.

घरी जाताना मिलिंदने विचारलं, उद्या किती वाजता निघायचं?

"कुठं?"

"पोशीरला."

"पुढच्या रविवारी वालाचं बिरडं आणते म्हनलंय सोनुबायला. मला खोटं पाडतोस व्हय रं?"

सोमवार आला तसा गेला. पिशवीतली लुगडी कपाटात गेली.

आता माझा निळा रंग उडालाय. दोन भोकं फाटली आहेत, तिथे मेघाने सुतळी बांधलीय. तरी दर रविवारी मी बागेत जाते. मला तिथे कोणी कुठून आलीस विचारलं नाही, आणि माझ्या माणसांनाही नाही. जन्मभर उन्हापावसात राबलेल्या ताडपत्रीला म्हातारपणी असे दिवस मिळाले. तुम्ही कधी आलात आणि बसायला काही आणलं नसलं, तर माझ्यावर बसा. लाजू नका. फक्त उठताना कागद आणि सालं तेवढी उचला. ही बाग आम्हाला उद्याही हवी आहे.

चंद्रभागाबाई हल्ली माझ्यावर बसत नाहीत. मागच्या रविवारी जेवण झाल्यावर त्या सरळ हिरवळीवर आडव्या झाल्या, तोंडावर पदर घेतला आणि गाढ झोपल्या. मी शेजारी डबे सांभाळत पडून होते.