तिच्या वजनाची स्प्रिंग

"बसू दे की वहिनींना आता," शेजारचा पंक्चरवाला म्हणाला. "माझे पाय भरून आले इथं हँडल धरून."

"बसलीये ती," शॉकवाला म्हणाला.

पंक्चरवाल्यानं दचकून मान मागं वळवली. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर, त्याच्या पाठीला खांदा टेकेल इतक्या जवळ, शॉकवाल्याची बायको खरंच बसलेली होती. अंगाभोवती शाल, दोन्ही हात मांडीवर, आणि चेहऱ्यावर चोरून हसू.

"कधीच बसलेय, भावोजी. तुमचं लक्ष कुठंय?"

पंक्चरवाला हसला, पण ते हसू मध्येच अडकलं. अंगापिंडानं तो शॉकवाल्यासारखाच, म्हणून त्याला पुढच्या सीटवर बसवलेलं. मागं माणूस बसलं की गाडी खाली दबते, पुढच्याला ते न बघता कळतं. त्याला काहीच कळलं नव्हतं.

शॉकवाला मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या दांड्यावर त्यानं एक बारीक रबरी रिंग चढवली होती. माणूस बसलं की शॉकअप दबतो आणि रिंग सरकते, जितकी सरकेल तितकं वजन. ही त्याची जुनी पद्धत. एके काळी बायको बसली की रिंग चांगली बोटभर सरकायची आणि तो मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "टायर बदलावा लागणार बहुतेक." त्यावर पाठीत एक धपाटा ठरलेला. आज रिंग जेमतेम हलली होती. तो तिच्याकडे बघतच राहिला.

"किती आलं?" तिनं वरून विचारलं.

"आहे की. पहिल्याइतकंच."

"मेलं खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुम्हाला," ती म्हणाली आणि पंक्चरवाल्याच्या खांद्याला धरून हळूहळू उतरली.

त्याचं खरं नाव कागदोपत्री कुठंतरी असेल. सगळी दुनिया त्याला शॉकवाला म्हणायची. दोन खोल्यांच्या घरापुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये लोखंड पकडायचा एक वाईस, तेलाचे डबे आणि भिंतभर टांगलेल्या स्प्रिंगा. इंजिनाला हात लावायचा नाही, ब्रेक बघायचा नाही, काम फक्त शॉकअपचं. दुसरे मिस्त्री जोडी भंगारात टाकून नवी घालायला सांगत. हा तीच जोडी खोलून सील, तेल, बुश बदलून पुन्हा उभी करायचा. रस्ता कसाही असो, तो माणसाच्या कंबरेपर्यंत पोचता कामा नये, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा तरी ऐकवायचा. ऐकून ऐकून पंक्चरवाल्याचे कान किटले होते.

आणि त्याच्याच घरात दिव्याखाली अंधार झाला.

दोन वर्षांपूर्वी बायको पहिल्यांदा म्हणाली होती, "अहो, मागं बसलं की लागतंय हो कंबरेत." दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, दाखवून ये डॉक्टरला. शॉकवाल्याला तो अपमान वाटला. त्याच्या गाडीवर बसून लागतंय? लोकांच्या बायकांची कंबर दुखली की त्या दवाखान्यात जातात. याच्या बायकोची कंबर दुखली आणि गाडी स्टँडवर चढली. त्यानं दोन्ही शॉकअप खोलले, सील बदललं, नवं तेल भरलं. चक्कर मारून आणल्यावर तिला विचारलं. ती म्हणाली, "आता बरंय." महिन्याभरानं पुन्हा लागायला लागलं. या वेळी त्यानं चांगल्या कडक, कोऱ्या स्प्रिंगा घातल्या. त्याला वाटलं, जुन्या स्प्रिंगा थकून गाडी तळाला टेकत असणार. त्या स्प्रिंगांवरून प्रत्येक खडा तिच्या पाठीत शिरत होता. त्यानं मोठ्या हौसेनं विचारलं आणि तिनं त्याच्या तेलकट हातांकडे, घामेजल्या तोंडाकडे बघितलं. "छान झालीये," ती म्हणाली. त्यानंतर तिनं कंबरेचं नावच काढलं नाही. शॉकवाला खूश होता. पंक्चरवाल्याला त्यानं पुन्हा एकदा कंबरेपर्यंत पोचता कामा नये वगैरे सगळं ऐकवलं.

मग एका सकाळी ती पाण्याची बादली उचलायला वाकली ती वाकलेलीच राहिली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरून दाखवला. आजार मणक्यात होता, आणि तिथं तो नुकताच आलेला नव्हता.

"कधीपासून दुखतंय?" बाईंनी विचारलं.

बायकोनं एकदा नवऱ्याकडे बघितलं. "अलीकडेच," ती म्हणाली.

त्या एका शब्दानं तिनं त्याला सोडवलं होतं. पण तो स्वतः काही सुटला नाही. तिथल्या बाकावर बसून तो लहान मुलासारखा रडला, आणि तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

आता औषधांचा उपयोग संपला होता. घरी न्या, हवं ते खाऊ द्या, म्हणून सांगितलेलं. तिला खायला काही नको होतं. तिला एकदा आईकडे जायचं होतं.

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका अरुंद गल्लीत एकटी राहायची. ऐंशी उलटलेली, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि एक मुलगा आधीच गमावलेला. तिला या आजारातलं अक्षरही कळू दिलं नव्हतं.

"चारचाकी कर ना एखादी," पंक्चरवाला म्हणाला होता. "आडवी झोपवून ने."

"नको," बायकोनंच आतून उत्तर दिलं होतं. "चारचाकीचं दार वाजलं की आईच्या पोटात गोळा येईल. विचारेल, काय झालं म्हणून? नेहमी जातो तसं जायचं. गाडीवरून, यांच्या मागं."

म्हणून ही सगळी खटपट. शॉकवाल्यानं त्या कडक स्प्रिंगा काढल्या आणि शेडच्या कोपऱ्यात फेकल्या. भिंतीवरच्या स्प्रिंगा एकेक करून काढून, हातांनी दाबून बघितल्या. शेवटी एका हलक्या जुन्या गाडीची जोडी मिळाली, वापरून वापरून मऊ झालेली. उंचीला कमी पडत होती, तर खाली वॉशर बसवले. दांडे पॉलिश केले. सील नवं घातलं, तेल पातळ भरलं. पण मऊ केलं की झालं असं नसतं. फार मऊ झालं तर मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो, आणि तो दणका सगळ्यात वाईट. तिच्याच वजनाला बेतून करायला हवं होतं, म्हणून तर तिला एकदा बसवून रिंग बघितली होती.

तिला पुन्हा पुन्हा बसवून दमवायचं नव्हतं, म्हणून त्यानं एका पोत्यात वाळू भरली. मागच्या सीटवर पोतं ठेवायचं, पुढं पंक्चरवाल्याला बसवायचं, रिंग बघायची, थोडी वाळू काढायची. पुन्हा ठेवायचं, पुन्हा काढायची. रिंग ती बसली होती तेव्हाच्या जागी आली तेव्हा पोतं निम्म्याहून रिकामं झालं होतं. त्यानं ते उचलायला हात घातला आणि ते एकाच हातानं उचललं गेलं. पंक्चरवाल्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं आणि उगाचच एका ट्यूबमध्ये हवा भरायला लागला.

पोतं मागं बांधून शॉकवाला सासूकडच्या रस्त्यानं जाऊन आला. खडी उखडलेली चढण, रेल्वेचं फाटक, ड्रेनेजसाठी खणून तसाच बुजवलेला पट्टा. कुठं दणका बसतो ते लक्षात ठेवायचा, परत येऊन शॉकअप खोलायचा, तेल थोडं जास्त, थोडं कमी. एकदा मोठा खड्डा समोर आला तेव्हा सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "धर गं घट्ट." मग बराच वेळ त्याला पुढचा रस्ता नीट दिसेना.

निघायच्या दिवशी ती आरशासमोर पुष्कळ वेळ बसली. केस नीट बांधले, अंगात दोन स्वेटर घातले.

"एवढं उकडतंय, दोन कशाला?" त्यानं विचारलं.

"आई मिठी मारेल ना. हाताला काहीतरी लागायला नको का?"

तो जन्मात चालवली नसेल इतकी जपून गाडी चालवत होता. सायकलवाले पुढं जात होते. फाटकावर रूळ एकेक करून ओलांडले, पुढचं चाक, मग मागचं. "लागतंय का?" त्यानं विचारलं. "नाही हो, गादीवर बसल्यासारखं वाटतंय," मागून उत्तर आलं. तिची बोटं त्याच्या खांद्यात रुतली होती. त्याला वाटलं, भीती वाटत असेल.

आईच्या दारासमोर गटारावर एक दगडी फरशी टाकलेली होती, मध्ये उचललेली. त्या फरशीवरून गाडी अशी गेली की पाण्यावरून जावी. आवाज नाही, धक्का नाही. इतक्या दुःखातही शॉकवाल्याला क्षणभर स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं.

म्हातारी दारातच बसली होती. ती तशीच बसून राहिली. लेकीनं "आई" म्हणून हाक मारली तेव्हा तिनं चमकून मान वर केली.

मग सगळं नेहमीसारखं झालं. मिठी, विचारपूस, शेजारणीच्या तक्रारी. लेक भरभरून बोलली, खोटंखोटं हसली, आईनं पुढं केलेला चहा दोन घोट प्याली. मग म्हणाली, "आई, जरा पडते गं तुझ्या पलंगावर. ऊन लागलंय." आणि आत जाऊन पडली ती लगेच झोपलीच.

बाहेरच्या खोलीत सासू-जावई दोघंच राहिले.

"गाडी आली ते कळलंच नाही मला," म्हातारी म्हणाली.

"नवीन काम केलंय ना, आई. सील, तेल, स्प्रिंग, सगळं."

"हो का." तिनं कान दाराकडे वळवला. "इतकी वर्षं तुमची गाडी त्या फरशीवर धाडकन आपटायची, जावईबापू. तो आवाज आला की मी चहा टाकायची. लेक आत यायची ती ओरडतच, आई, यांना सांग जरा गाडी हळू चालवायला. मी कधी सांगितलं नाही तुम्हाला. म्हटलं, दोघं धडधाकट आहेत, आपटेनात का."

शॉकवाल्यानं दाराबाहेरच्या त्या फरशीकडे बघितलं.

"आज एवढी तळहातावरच्या फोडासारखी जपून आणलीत," म्हातारी हळूच म्हणाली. "फार दिवस नाहीत ना तिचे?"

त्याला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "नाहीत, आई."

म्हातारी रडली नाही. दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरून ती पुढं-मागं हलत राहिली. मग बोलली तेव्हा आवाज फुटका होता. "मला कळलंय हे तिला सांगू नका. माझ्यासाठी एवढं नटून, दोन-दोन स्वेटर घालून आलीये पोरगी. आणि राहू द्या तिला माझ्यापाशी. परतीचा रस्ता तोच आहे ना?"

"रस्ता तोच आहे. पण आता लागत नाही तिला. मी विचारलं ना वाटेत."

"लागतं हो. ती सांगत नाही. लहानपणापासून सांगायची नाही."

शॉकवाला उठून आत गेला. त्याच्या पावलानं ती जागी झाली आणि कोपरावर जोर देऊन उठायला बघू लागली. "निघायचं ना?"

"आई म्हणतायत, राहा इथं."

तिचा ताठ धरलेला खांदा सैल पडला. उशीवर डोकं टेकताना तिनं डोळे मिटून घेतले. किती बरं वाटलं ते तिला लपवता आलं नाही. "आणि तुमचं? जेवणाखाणाचं?"

"मी येईन रोज." तो पलंगाच्या कडेला, गादी हलू न देता बसला. "येताना लागलं का गं?"

"अजिबात नाही. छान केलीत गाडी."

"खरं सांग. आज तरी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पूर्वी त्याच्या तेलकट हातांकडे बघायची तशीच. मग तिचे डोळे भरून आले.

"लागलं," ती म्हणाली. "फार लागलं हो."

"कुठं?"

"सगळीकडे."

त्यानं मान हलवली. तिचा हात हातात घेतला आणि ती पुन्हा झोपेपर्यंत धरून ठेवला. छाती फुटेल असं दुःख होतं, आणि तरी दोन वर्षांनी ती पुन्हा त्याच्याशी खरं बोलली, याचं कुठंतरी बरंही वाटत होतं. म्हातारी चाचपडत आत आली आणि लेकीच्या शेजारी कुशीवर आडवी झाली.

उन्हं कलल्यावर तो बाहेर पडला. किक मारायला पाय उचलला, दारातून आत झोपलेल्या दोघींकडे बघितलं आणि पाय खाली घेतला. त्यानं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि हँडल धरून गल्लीतून ढकलत निघाला.

"काय हो, बंद पडली का?" नळावर पाणी भरणाऱ्या एकानं विचारलं.

"नाही, चालू आहे," तो म्हणाला आणि मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलतच गेला.