उंच पलंग

पलंगाचे एकोणीस तुकडे, स्क्रूच्या तीन पिशव्या, सरसाची एक बाटली आणि एक वाकडी चावी एवढा पसारा बैठकीच्या खोलीत मांडून बाइंडर मधोमध बसले होते. आयुष्य पुस्तकं बांधण्यात गेलं, म्हणून काम सोडून आठ वर्षं झाली तरी लोक त्यांना बाइंडरच म्हणत.

"चार वाजता येतोय आम्ही," मुलीनं सकाळीच दवाखान्यातून फोन करून सांगितलं होतं. "आईला खाली बसायचं नाही, वाकायचं नाही. तुमचा जुना बुटका पलंग चालणार नाही. नवा तयार नसेल तर मी तिला सरळ माझ्याकडे नेते. मग तुम्हीही या. तसंही ते घर आता..."

"तयार असेल."

"सुताराला बोलवा हो बाबा."

"सुतार कशाला? कसा जोडायचा त्याची चित्रं दिलीत की सोबत."

घर सोडायची ही बोलणी दोन वर्षं चालली होती. बायको दर वेळी नाही म्हणायची. पण मांडीचं हाड मोडल्यापासून तिचा आवाज खाली आला होता. एकदा तिकडे गेली की ती परत यायची नाही, हे बाइंडरांना पक्कं ठाऊक होतं.

चित्रांच्या कागदावर वाचायला एक अक्षर नव्हतं. त्यांनी तो दोनदा उलटसुलट केला, चष्मा पुसला आणि शेवटी हाताला सवयीचं होतं तेच केलं. आधी सरस लावला, लाकडी खुंट्या बसवल्या, लांब फळी उशाकडच्या फळीला जोडली, वर चार जाड शब्दकोश दाबून ठेवले आणि पाणी प्यायला गेले. सरस लावायचा, वजन ठेवायचं आणि मग अजिबात हात लावायचा नाही, हे त्यांनी हाताखालच्या कितीतरी पोरांना शिकवलं होतं.

परत येऊन पाहतात तर गादीखालच्या आडव्या पट्ट्या टेकायची कड बाहेरच्या बाजूला. फळी उलटी बसली होती.

आता कागद नीट पाहिला. सरसाच्या बाटलीवर पहिल्या पाचही चित्रांत फुली होती. आधी कोरडं जोडून बघायचं, सरस सगळ्यात शेवटी.

बाइंडर तसेच खाली बसून राहिले. कंबर धरली होती. मुलीला फोन करून टाकावा, असं मनात आलं. 'ने बाई तिला' एवढंच तर म्हणायचं होतं. फोन हातात घेतला, नंबरही काढला आणि मग तो खिशात घातला.

चिकटलेले पुठ्ठे त्यांनी जन्मभर सोडवले होते. त्यांनी पाणी गरम केलं, फडकं पिळून सांध्यावर ठेवलं. फडकं निवलं की पुन्हा बुडवायचं. कागदाच्या घड्या घालायची जुनी हाडाची पट्टी फटीत केसभर सरकवायची आणि थांबायचं. जोर लावायचा नाही. दीड तासानं फळी सुटली. एक खुंटी आतच मोडली आणि भुशाच्या फळीचा कोपरा ओल पिऊन पावासारखा फुगला.

पुढचं सगळं त्यांनी चित्राबरहुकूम केलं. शेवटचा स्क्रू आवळला तेव्हा बोटांत चावी धरायची ताकद उरली नव्हती. त्यांनी गादी टाकली, तोच बाहेर गाडी वाजली.

बायको वॉकर टेकत आत आली आणि हात असलेल्या उंच खुर्चीत सावकाश बसली. मुलीचं लक्ष मात्र थेट पलंगाच्या फुगलेल्या कोपऱ्याकडे गेलं.

"हे काय झालं?"

लाकूडच वाईट होतं, असं म्हणता आलं असतं. "उलटी फळी चिकटवली होती. पाण्यानं सोडवली," बाइंडर म्हणाले. "एक खुंटी कमी आहे त्यात."

"म्हणूनच मी सुतार म्हणत होते." तिनं पलंग दोन्ही हातांनी हलवला. तो कुरकुरला. ती धपकन वर बसली, मग मुद्दाम दोनदा उसळली. "आईनं कूस बदलली तर?" असं म्हणत ती आडवी झाली, या कुशीवरून त्या कुशीवर वळली. "हं. धरतोय तसा." पुढं काहीतरी पुटपुटली, ते कुणाला कळलं नाही.

बाइंडर वाट पाहत उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की ती झोपली आहे. तोंड उघडं, पायांत चपला तशाच.

"उठवू नका हो," बायको हळूच म्हणाली. "बारा रात्री खुर्चीत काढल्यात तिनं."

"मग तू कुठे टेकणार?"

"मी बसलेय की. एक उशी द्या पाठीला." उशी नीट करून ती म्हणाली, "उठली की सांगा तिला, मी इथंच राहतेय. मी सांगितलं तर वाद घालेल."

"मी सांगितलं तर नाही घालणार?"

"घालेल. पण तोवर झोप तरी झालेली असेल."

बाइंडरांनी वाकून लेकीच्या चपला काढल्या. ती कूस बदलून कोपऱ्याकडे सरकली. पलंग पुन्हा कुरकुरला. दोघांनी श्वास रोखला. मग तो गप्प झाला आणि बाइंडर भिंतीला टेकून जमिनीवर बसले.