आणखी एक फेरी

नीलमनं चौथी सोंगटी पटाच्या मधल्या घरात टेकवली आणि टाळी वाजवली.

"आई, जीत गए! मी सुटले!"

दौलतगंजच्या मराठी मंडळाचा हॉल खदखदून हसला. समोर बसलेल्या लीलाताईंनी कपाळाला हात लावला. सारीपाटाच्या स्पर्धेत सासू-सुनेची जोडी; सुनेच्या सोंगट्या घरी पोचल्या आणि सासूच्या तीन वाटेत एकट्या पडल्या. सीमंतिनीबाई आणि त्यांची जाऊ प्रांजली, दोघींनी मिळून त्या टिपून टिपून मारल्या. पहिला डाव गेला.

आता आली का पंचाईत! लीलाताईंनी साऱ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, की चाळीस वर्षं जोडीनं खेळलेली मैत्रीण विमल मुलाकडे पुण्याला गेली, घरात आता खेळणारं कोणी नाही, यंदा हरले तर पट कायमचा मंडळाच्या कपाटात. आजेसासूंच्या हातचा, लाल मखमलीचा पट! बोलून बसल्या आणि तेव्हापासून जीव नुसता तुटत होता.

"तू मोबाइलवरचा लुडो खेळलीस," त्या म्हणाल्या.

"वही तो है ना, आई?"

"तोच. साहेबानं आपला पट विलायतेला नेला, कवड्या काढून फासा दिला. तेही चाललं असतं. पण मेल्यानं जोडीदारच काढून टाकला! ज्याचा तो पळतो. इथे दोघींनी पोचायचं असतं. मी मागे राहिले, तर तू घरात शिरायचं नाहीस. आणखी एक फेरी मारायची."

"म्हणजे घराशी आलेली सोंगटी परत धोक्यात घालायची?"

"घालायची."

एवढी साधी गोष्ट सांगायची राहिलीच कशी? लीलाताईंना स्वतःचीच लाज वाटली. विमलला ती कधी सांगावीच लागली नव्हती.

दुसरा डाव चांगलाच रंगला. लीलाताईंची शेवटची सोंगटी वाटेत, मागे सीमंतिनीबाईंची टपलेली. नीलमची शेवटची सोंगटी घराच्या तोंडाशी होती. तिनं कवड्या टाकल्या. नेमकं घरात शिरायचं दान!

नीलमनं सोंगटी उचलली, एकदा सासूकडे पाहिलं, आणि दारावरून पुढे नेऊन सीमंतिनीबाईंच्या सोंगटीवर आपटली.

"मारली!" हॉल ओरडला. लीलाताई तर बसल्या जागी उडाल्या.

पुढच्याच दानाला प्रांजलीनं नीलमची सोंगटी मारली आणि दुसराही डाव थोडक्यात गेला. एरवी हरल्यावर दोन दिवस कुणाशी न बोलणाऱ्या लीलाताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या.

मंडळाचे चिटणीस गुरुप्रसाद किल्ली घेऊन संकोचत पुढे आले.

"ताई, कपाट उघडू का?"

"कशाला? घरात खेळणारं कोणी नाही, म्हणून म्हटलं होतं मी तसं."

लीलाताईंनी पट गुंडाळला आणि सुनेच्या हातात दिला.

"तेव्हा नव्हतं."