हाक कुठली, घर कुठलं

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे, जेमतेम चाळीस ओळींचा. एका दवाखान्यात औषधाच्या बाटलीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या मी छापतो. कोणतं औषध, किती चमचे, किती वेळा.

कंपाउंडरकाकांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. ते कुणाला लागेना, म्हणून त्यांच्या पुतणीने मला लिहिलं. एका फोल्डरमध्ये मला ठेवलं आणि शेजारी औषधांची यादी ठेवली. काका तो फोल्डर उघडून मला उठवायचे. मी हात लांब केला की यादी हाती. "पोरीने डोक्याचा भार उतरवला," असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

पण मी राहतो कुठे, हे मला ठाऊकच नव्हतं. जिथून हाक येई, तेच घर समजून मी यादी शोधायचो.

पुढे काकांना फोल्डर उघडायचाही कंटाळा आला. त्यांनी मला थेट डेस्कटॉपवरून हाक मारायची सोय करून घेतली. तिथे यादीची एक जुनी प्रत पडली होती. तापाचं औषध पूर्वी सौम्य यायचं, तेव्हाची. आता ते दुप्पट कडक झालं होतं, एकच चमचा पुरे होता, आणि मी छापलं, दोन चमचे.

खिडकीशी लेकराला कडेवर घेतलेली आई होती. "काका, मागच्या खेपेला एकच चमचा होता ना?"

"कॉम्प्युटर चुकत नाही, बाई."

"नसेल चुकत. पण माझं पोर एवढंसं आहे. बघा तरी."

काकांनी चष्मा लावला, बाटली वाचली आणि चिठ्ठी काढून घेतली.

संध्याकाळी पुतणी आली. "काका, हा बाहेरची यादी वाचतोय."

"तुझ्या शहाण्याला स्वतःचं घर माहीत नाही?"

"मीच कधी सांगितलं नाही त्याला."

तिने चार ओळी वाढवल्या. जाग येताच आधी विचारायचं, माझी स्वतःची फाइल कुठे आहे? त्याच फोल्डरमधली यादी उघडायची. नाही सापडली, तर काहीही छापायचं नाही.

तेव्हापासून हाक अंगणातून येवो की माडीवरून, मी आधी घरी जातो, मग कामाला लागतो.

मित्रांनो, आम्हाला घडवाल तेव्हा आमचं घर शोधायला शिकवा. जुन्या प्रती वाटेत टाकून जाऊ नका. आणि आम्ही छापलं म्हणून गप्प बसू नका. ती दोन चमच्यांची चिठ्ठी काकांनी फेकली नाही, कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवली आहे. आता प्रत्येक बाटली देताना ते आधी त्या चिठ्ठीकडे बघतात आणि खिडकीतून विचारतात, "मागच्या खेपेला किती होतं हो?"