बाकांची तोंडं

साहेब, दवाखान्यातली बाकं तुम्ही जमिनीत आवळून टाकलीत आणि वर ‘लोकसहभागातून साकार’ अशी पितळी पाटी ठोकलीत. शाब्बास!

आता त्या बाकांची हकिकत ऐका. आधीची बाकंही भिंतीकडे तोंड करून असायची, पण सुटी; लोक ती रोज सकाळी फिरवून बसायचे. विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी दोन वर्षं कोपऱ्यात बसून ते टिपलं आणि ‘सत्तेला मूक नकार’ असा चाळीस पानी निबंध हाणला. टाळ्या पडल्या, बढती मिळाली. बाकं का फिरवता, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं.

पुढे बाईंना स्वतःचाच वीट आला. नोकरी सोडून त्या लोकांना सोबत घेऊन जागा आखायच्या कामाला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी दवाखान्यातल्या झाडूवाल्या मावशींना तेच विचारलं.

मावशी हसून हसून खोकल्या. “कसला नकार नि कसलं काय! कंपाउंडर मागच्या दारातून नाव पुकारतो. कमी ऐकू येणारे त्याचे ओठ बघतात. भिंतीचा चुना बघून काय कळणार?”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही मान खाली घालून लिहीत होतात. आम्हाला वाटलं, बाईंची परीक्षा आहे.”

बाईंनी वही मिटली. मग डोळ्यांच्या औषधाला येणाऱ्या एका बहिऱ्या शिंप्याने आपल्या खडूने फरशीवर बाकं आखून दिली, तोंडं दाराकडे. त्याच्या डोळ्यांत दाब वाढलेला. औषध चुकलं की नजर जाणार, नजर गेली की सुई गेली. त्या नकाशावर तुम्ही सही केलीत.

आणि बाकं आली! भिंतीकडे तोंड, पायांना बोल्ट, समोर तुमचा हसरा फोटो. शिंपी दोनदा दिवसभर तुमचं हसू बघत बसला. मागे नाव पुकारलेलं त्याला कळलंच नाही; त्याच्या कागदावर शेरा पडला, ‘गैरहजर’.

बाई तुमच्या ऑफिसात भांडायला गेल्या. कारकुनाने त्यांचाच निबंध पुढे सरकवला. “बाकं फिरवणं म्हणजे नकार, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणून बोल्ट मारले.”

बाईंनी शिंप्याला सगळं कागदावर लिहून दाखवलं. त्याने कागद डोळ्याला चिकटवून वाचला.

“सुईत दोरा जाईना झालाय, बाई,” तो म्हणाला. “निबंध नंतर खोडा. आधी पाना आणा.”

पाना आता बाईंच्या पिशवीत आहे. शिंप्याची पाळी सोमवारी. बाईंनी आपली चूक कबूल केली. तुम्ही सही कशावर केली होतीत, साहेब? बोल्ट तुम्ही काढता की आम्ही काढू? सोमवारच्या आत सांगा.