माझ्या गळ्यातला तांबडा दोरा

मी एक म्हातारी मेंढी आहे, मित्रांनो. दात पडले, म्हणून यांगझोम मला सत्तू भिजवून भरवते. पण आठवण शाबूत आहे.

यांगझोमचा नवरा नोरग्ये तापातून उठला, तेव्हा तिने मला देवाला सोडले आणि माझ्या गळ्यात तांबड्या लोकरीचा सैल दोरा घातला. असा दोरा असलेल्या जनावरावर आमच्या पठारावर कोणी सुरी उचलत नाही. थंडीच्या तोंडावर बरोबरीच्या मेंढ्या कापल्या जात. मी चरत राही.

लांडग्याला कसला नेम? त्याने माझे एकुलते कोकरू माझ्या डोळ्यांदेखत नेले. मी ओरडले नाही. वाट पाहत राहिले.

पुढच्या वर्षी टेकडीपलीकडच्या ओढ्यावर त्याने मला गाठले.

"काय गं म्हातारे, अजून जिवंत? तुझ्या बरोबरीच्या केव्हाच हंड्यात गेल्या!"

"या दोऱ्यामुळे, दादा. हा गळ्यात असला की माणूस मारत नाही, कुत्री चावत नाहीत. भर दुपारी तंबूपुढून जाते मी."

त्याचे डोळे लकाकले. "मग तुला खातो, दोराही घेतो."

"खा की. पण रक्त लागलं की दोरा बाटतो, गुण जातो. आणि माझ्या हाडांत आहे काय? कळपात कोकरं बघ, नुसती लोण्यासारखी!"

मी मान खाली घातली. दोरा घसरला. त्याने त्यात डोके घातले.

"कसा दिसतो?"

"नवरदेव!"

रक्ताचे तेवढे मी खोटे बोलले, मित्रांनो. बाकी सारे खरे होते, फक्त मेंढीपुरते.

भर उन्हात, शेपूट वर करून तो कळपात शिरला. आमची कुत्री दोरा पाहत नाहीत, वास घेतात. टेकडीवर उभी राहून मी शेवटपर्यंत पाहिले. त्याची प्रत्येक किंकाळी कान टवकारून ऐकली. मला दया आली नाही.

संध्याकाळी नोरग्ये सुरीला धार लावत होता. त्याने माझी मान चाचपली.

"अगं, हिच्या गळ्यात दोरा नाही. हिलाही कापायला काढू का?"

मी मान सोडवून मागे सरले.

"हात तर लावून बघा!" यांगझोम धावत आली. तिच्या मुठीत रक्ताळलेला दोरा होता. "हा लांडग्याच्या गळ्यात सापडला. वर्षभर तुम्ही नि तुमची कुत्री घोरत होता. शिकार हिनं केली!"

तिने दोरा ओढ्यात धुतला आणि पुन्हा माझ्या गळ्यात घातला. एक काळा डाग मात्र गेला नाही. त्याला नाक लावूनच मी झोपते.

मित्रांनो, दुबळ्याच्या पिल्लाला हात लावण्याआधी त्याच्या आईकडे एकदा नीट पाहा. ती खाली मान घालून गवत खात असेल. पण ती विसरलेली नसते.